आमची वाटचाल: काहील, कटर आणि खारा वारा

वडिलांच्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मुख्य काम एकच, गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. जोडीला चरकाचे सुटे भाग, झारे, फावडी. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, स्वतः यायचा, काहिलीच्या तळावर बोटाची पेरं आपटून आवाज ऐकायचा आणि मगच पैशाला हात घालायचा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या बाजारात गुळाला दर चढला की आमच्याकडे गर्दी, पडला की आम्ही बाहेर बाकड्यावर बसून. पुढं ऊस कारखान्याकडं वळला, एकेक गुऱ्हाळ बंद होत गेलं आणि बाकड्यावर बसण्याचे दिवस वाढले. डिप्लोमा करून मी शेडमध्ये उतरलो तेव्हा तीन मशीन, दोन कारागीर आणि पत्र्यावाल्याची बरीच उधारी एवढं भांडवल होतं.

ग्रामीण विकास वगैरे शब्द तेव्हा आमच्या गावीही नव्हते. एके दिवशी आजरा तालुक्यातल्या दोघी बायका एसटीनं आल्या. स्टँडवरून रिक्षा, आणि रिक्षात पोत्यात गुंडाळलेला काजूचा कटर. मला वाटलं पातं गेलंय. थोरली म्हणाली, “पातं बरं हाय. ह्येची उंची कमी करून द्या.”

मी शिकलेला माणूस. कटरची उंची हीच असते, असं तिला ऐकवलं. तिनं स्टूल ओढलं, बसली आणि पायडल दाबून दाखवलं. पाय पुरत नव्हता. दर दाबाला ती स्टुलावरून पुढं घसरायची आणि परत मागं सरकायची. एका किलोत काजू बिया किती येतात ते आठवून बघा, म्हणजे दिवसाला ती किती वेळा घसरत असेल ते कळेल. “बाप्यांच्या पायाच्या मापानं केलाय ह्यो,” एवढंच म्हणाली. मी पायडलचा दांडा कापून, पुढं आणून, पुन्हा वेल्डिंग केलं. ३५० रुपये घेतले. एवढ्याशा पैशासाठी अर्धा दिवस घालवला म्हणून वडील दिवसभर पुटपुटत होते. महिनाभरात तसले आठ कटर आले.

मग मी गावात जाऊन बघितलं. खरं तर ते आधीच करायला हवं होतं. आजरा आणि चंदगड हा आमच्या जिल्ह्यातला काजूचा पट्टा. बी वाफवायची, वाळवायची, कटरवर एकेक फोडायची, अणकुचीनं गर काढायचा, भट्टीत सुकवायचा, मग साल काढून निवड. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी भाजते, म्हणून बायका हाताला खोबरेल किंवा राख लावून बसतात. पैसा सगळा अखंड गरात. ज्याला बाजारात ३२० नंबर म्हणतात तो एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर बसणारा; २४० त्याहून मोठा आणि महाग. गर फुटला की तो पाकळी होतो, आणखी फुटला की तुकडा, मग कणी, आणि प्रत्येक पायरीला दर उतरतो. पातं बोथट असेल, किंवा बाई दमून पायडल वेडंवाकडं मारत असेल, तर पाकळी वाढते. म्हणजे तिच्या कमरेचा आणि ३२० च्या दराचा थेट संबंध होता. हा हिशेब डिप्लोमाला कुणी शिकवला नव्हता.

तोवर या बायका दुसऱ्याच्या शेडमध्ये किलोवर मजुरी घ्यायच्या. पाकळी झाली की मजुरी कापली जायची, पण पात्याला धार लावणं मालकाच्या मर्जीवर. बचत गट होताच. महिन्याला ठरलेली बचत, शेकडा दोननं अंतर्गत कर्ज, पुस्तकी व्यवहार चोख. त्यांना स्वतःचे चार कटर आणि एक वाफेचं भांडं हवं होतं. नाबार्डनं बचत गट बँकेला जोडण्याचं काम १९९२ पासून सुरू केलं, पुढं २०११ मध्ये राज्यात ‘उमेद’ अभियान आलं, त्यामुळं गटाला कर्ज मिळतं हे बायकांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. माझ्याकडून त्यांना फक्त एक कोटेशन पाहिजे होतं. आमच्या फर्मचं लेटरहेडसुद्धा तेव्हा नव्हतं, ते त्यांच्यासाठी छापलं.

इथून पुढं धंदा वाढला, आणि वाढता वाढता एकदा घसरलाही. ते सांगितल्याशिवाय वाटचाल पुरी होणार नाही.

मार्चअखेर होती. एका कार्यालयाला ४० सोलर ड्रायर, म्हणजे उन्हावर माल वाळवायच्या पेट्या, ३१ तारखेच्या आत पाहिजे होते. आम्ही रात्रपाळी करून दिले. पैसे वेळेवर आले, मी शेडला नवा पत्रा घातला. दोन वर्षांनी एका गावात दुसऱ्याच कामाला गेलो, तर समाजमंदिराच्या मागं आमचा ड्रायर. वरची पॉलिकार्बोनेटची शीट शाबूत आणि आत कोंबड्या. त्या गटाच्या बायकांना विचारलं तर म्हणाल्या, “आम्ही कुठं मागितला होता? टेंपो आला, उतरवून गेला, फोटो काढला.” मग मुद्दाम आणखी काही गावं फिरलो. चालू दिसले ते मोजायला एका हाताची बोटं पुरली.

ड्रायरमध्ये खोट नव्हती, चाळीसही टेस्ट करून दिलेले. पण कोंबड्यांचा तो खुराडा आमच्या नावाची पट्टी लावून उभा होता, आणि ती पट्टी मीच रिबिट मारून बसवली होती.

त्यानंतर आम्ही दोन अटी घातल्या. गटानं स्वतःच्या बचतीतून थोडी तरी रक्कम भरल्याशिवाय मशीन हलणार नाही. आणि गटातल्या दोघींनी आमच्या शेडमध्ये दोन दिवस येऊन ते उघडायला, जोडायला आणि धार लावायला शिकायचं. या अटींमुळं मार्चअखेरची गिऱ्हाइकं बहुतेक तुटली. घरात यावरून वाद झाला, अजूनही अधूनमधून होतो. माझी बायको हिशेब बघते. तिनं तिसरी अट स्वतःच्या मनानं वाढवली. गट आला की ती मशीनच्या हप्त्यांच्या वहीआधी बैठकीची वही मागते. सगळ्या बैठकांच्या सह्या एकाच पेनानं, एका बैठकीत उरकलेल्या दिसल्या की ती चहा पाजते आणि “पुढच्या वर्षी बघू” म्हणते. तिचा अंदाज अजून तरी चुकलेला नाही. माझा दोनदा चुकला. ते दोन्ही गट मशीन कुणाच्या परड्यात ठेवायचं यावरून फुटले.

किनाऱ्यावर आम्ही गेलो ते काजूच्याच ओळखीनं. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गटाला कोकम वाळवायला ड्रायर पाहिजे होता. गडहिंग्लजकडं संकेश्वरी मिरचीसाठी आमचा ड्रायर उत्तम चालत होता, तोच मी गाडीत टाकला आणि घाट उतरलो. तिथं दोन चुका एकदम झाल्या.

पहिली हवेची. देशावर मार्च-एप्रिलची हवा कोरडी, पेटीत ऊन कोंडलं की मिरची कुरकुरीत. किनाऱ्यावर मे महिन्यात ऊन तेवढंच कडक, पण हवाच ओली. पेटीत वाफ कोंडली, शीटला आतून घाम फुटला आणि तिसऱ्या दिवशी सालींवर बुरशी. खालून हवा आत घेणारी भोकं दुप्पट करावी लागली, वर धुराड्यासारखी नळी काढावी लागली.

दुसरी चूक महागाची होती. ट्रेसाठी मी २०२ नंबरचं स्टील वापरलं होतं. दिसायला ते ३०४ सारखंच लख्ख, लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, आणि किलोमागं दरात बराच फरक. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. मिरचीला काही फरक पडत नाही. पण आमसूल करताना कोकमाची साल मीठ घातलेल्या तिच्याच रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. आंबट, त्यात मीठ, त्यात समुद्राचा वारा. एका हंगामात ट्रेवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडले आणि सालींना लोखंडाची चव आली. गटाच्या अध्यक्षबाईंनी एक साल माझ्या हातावर ठेवली, खायला लावली आणि म्हणाल्या, “दादा, तुमका खारो वारो म्हायत नाय.”

सगळे ट्रे परत आणले. उचल काढून ३०४ ची चौकट केली. पण जिथं रस लागतो तिथं ३०४ चाही भरवसा नाही, म्हणून त्या जागी अन्नाला चालणारी प्लास्टिकची जाळी ताणली. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तर तिथल्या बायका आजही चिनीमातीच्या बरणीत किंवा प्लास्टिकच्या पिंपातच ठेवतात, स्टीलच्या भांड्यात नाही. हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

त्या चुकीमुळंच पुढचं काम मिळालं. जादा पैसे न मागता माल बदलून देणारा घाटावरचा माणूस, अशी ओळख झाली असावी. मालवणकडच्या मासे सुकवणाऱ्या बायकांनी बोलावलं. बांगडा, गोलमा वाळूवर पसरून सुकवायचा, मग त्यात रेती येते, कावळे-कुत्री राखायला एक पोर दिवसभर बसवावं लागतं, आणि व्यापारी रेतीच्या नावानं दर पाडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे पावसाळ्यातला घरखर्च या सुक्या मासळीवर. त्यांना जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीचे मांडव हवे होते. मी पाइपचे, भक्कम, जमिनीत काँक्रीट करून रोवलेले दिले. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं आणि ते भक्कम मांडव जाळीसकट पिळवटून टाकले.

नवे मांडव त्यांनी सांगितले तसे केले. चार माणसांनी पंधरा मिनिटांत सोडून घरात नेता आले पाहिजेत, आणि जाळी आमची नको, ती बायका होडीच्या जाळ्यासारखी स्वतः विणून बांधणार. फाटली तर कोल्हापूरला फोन करायला नको. माझं बिल त्यामुळं पहिल्यापेक्षा कमी झालं. रापणीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीत, जाळं ओढायला येईल त्याला वाटा मिळतो, ही तिथली रीत. मांडवाचंही त्यांनी तसंच ठरवलं. ज्या दिवशी जी हजर, तिचा त्या दिवसाच्या मालात वाटा. हे मला आमच्या घाटावरच्या गटांपेक्षा सोपं वाटलं, पण आजऱ्याच्या बायकांना सांगितलं तर त्यांनी नाक मुरडलं. त्यांच्याकडं तासाची नोंद असते आणि त्यांना तीच बरी वाटते.

२०१९ च्या ऑगस्टचं थोडक्यात सांगतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. उद्यमनगरातली शेड वाचली, पण शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ भाड्यानं घेतलेलं गोदाम छपरापर्यंत बुडालं. तयार माल, मोटारी, कटरची पाती, सगळं चिखलात. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पुण्याहून पत्रा येईना. त्या आठवड्यात तीन गटांनी पुढच्या तीन महिन्यांचे हप्ते एकदम भरले. आम्ही मागितले नव्हते. बायकोला खात्यात रक्कम दिसली तेव्हा चुकून आले असतील म्हणून तिनं फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, “वहिनी, व्याज नको लावू, एवढंच.” २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा गोदाम आम्ही आधीच वरच्या बाजूला हलवलं होतं.

२०२० पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली. त्यात प्रकल्पाला ३५ टक्के अनुदान आणि गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. चांगली योजना आहे. पण कागद पुरे करताना विजेचं मीटर कुणाच्या नावावर, गाळा कुणाच्या नावावर, असं विचारतात, आणि तिथं नवऱ्याचं किंवा दिराचं नाव निघतं. मशीन गटाचं आणि मीटर दिराचं असेल तर भांडण झाल्या दिवशी मशीन दिराचं होतं, हे मी दोन ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून आता कोटेशन देतानाच आम्ही विचारतो, मीटर कुणाचं? काहींना राग येतो. एका गावात सरपंचांनी ग्रामपंचायतीची पडीक खोली गटाला रीतसर करारानं दिली. पहिल्या हंगामाच्या पैशातून तिथं सगळ्यात आधी काय झालं, तर खोलीला लागून संडास बांधला. दिवसभर काम करणाऱ्या बायकांसाठी गावात तशी सोयच नव्हती. आमच्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये तो नव्हता.

पायडल कापून घ्यायला आलेली ती थोरली बाई आता आसपासच्या गावांतल्या कटरना धार लावून देते, पात्यामागं पैसे घेते. आधी ही पाती आमच्याकडं यायची. सर्व्हिसिंगचं उत्पन्न त्यामुळं घटलंय आणि बायको वर्षअखेरीला तो आकडा माझ्यासमोर मुद्दाम धरते. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता आणि मला भुईबावड्याच्या वळणांनी जावं लागायचं, तेव्हा वेंगुर्ल्याच्या गटाला मीच तिचा नंबर दिला. आंबोलीच्या वाटेनं ती दोन दिवस जाऊन आली. येताना सोलकढीसाठी आगळाची बाटली आणली, आणि माझ्यापेक्षा जास्त दर लावून आली.

सध्या शेडमध्ये कोकम फोडून बी वेगळी करणारं छोटं मशीन अर्धवट उभं आहे. बीपासून कोकम तेल निघतं, म्हणून बी न चिरडता सुटली पाहिजे, आणि पाऊस पडायच्या आत सगळा माल उरकला पाहिजे. पहिला नमुना वेंगुर्ल्याला नेला होता. त्यांनी चालवून बघितला, आवाज फार करतो आणि हँडल उलट्या बाजूला आहे म्हणून परत पाठवला. हँडल बदलून झालंय. आवाजाचं अजून जमलेलं नाही. कोकम एप्रिलात पिकायला लागेल.