सव्वातेरा क्विंटलची तिसरी

२०२४ च्या दिवाळीआधी अण्णा सोयाबीन घालून लातूरच्या मार्केट यार्डातून आले आणि ओट्यावर बसून खिशातली विक्रीची पट्टी काढली. भाव लागला होता ४१०० आणि हमीभाव त्या साली ४८९२, त्यामुळं घरात जी चर्चा व्हायची ती झालीच, आणि त्या चर्चेत मला काय अवदसा सुचली कुणास ठाऊक, मी मोबाईल काढून थोरलीच्या शाळेचा वर्षाचा खर्च क्विंटलमध्ये काढला.

थोरली तेव्हा तिसरीला, तालुक्याच्या इंग्लिश स्कूलात. फीस २८ हजार, तीही सूट मिळून (ती का मिळते ते पुढं सांगतो). व्हॅनचे महिना हजार, दहा महिन्यांचे १० हजार. पुस्तकं-वह्या ५२००, शाळेनं सांगितलेल्या एकाच दुकानातून घ्यायची, दुसरीकडून घेतली तर कव्हरवर शाळेचं नाव नसतं म्हणून परत पाठवतात. ड्रेस दोन, बुधवारचा स्पोर्ट ड्रेस वेगळा, काळे बूट, पांढरे बूट, सगळे मिळून ३४००. ट्यूशन ६००० आणि गॅदरिंगचा ड्रेस, प्रोजेक्ट, ग्रुप फोटो, कुणाकुणाचा 'डे' असं किरकोळ धरून दोन हजार. एकूण ५४ हजार ६००. भागिले ४१००, तर सव्वातेरा क्विंटल.

आमच्याकडं कोरडवाहूला एकरी सहा-सात क्विंटल निघालं तरी लोक नारळ फोडतात. म्हणजे दोन एकरांचं अख्खं सोयाबीन एका तिसरीतल्या लेकराला, आणि ह्यात बियाणं, खत, फवारणी, मळणी काहीच धरलं नाही. अण्णा म्हणले, "मग ते दोन एकर तिच्याच नावानं करून टाक की, शिकायची तरी काय गरज."

आता फीसमध्ये सूट का मिळते ते सांगतो. माझी बायको त्याच शाळेत दुसरीला शिकवते. डी.एड. झालंय, टीईटी पास आहे, शिक्षक भरतीची २०२३ ची अभियोग्यता चाचणी पण दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरता भरता डोळे दुखायले तिचे पण मार्कात बसली नाही. मग इथं, महिना साडेसात हजार, तेही दहाच महिने, उन्हाळ्यात काही नाही. सकाळी पावणेआठला व्हॅनमध्ये बसती आणि व्हॅनमधल्या लेकरांवर लक्ष ठेवायचं काम पण तिच्याचकडं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे वर्षाला ७५ हजार कमवायचे आणि त्यातले ५४ हजार ६०० त्याच शाळेच्या आसपास खर्च करायचे, उरले २०४००. हे गणित मी तिला दाखवलं तर ती म्हणली तुम्हाला आज कळायलंय व्हय, मला पहिल्या वर्षापासून माहितीय.

एक गोष्ट वाचली होती ती इथं सांगायलाच पाहिजे कारण ती आपल्या शेजारचीच आहे. आंध्रात २००८ पासून चार वर्षं कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोन अर्थतज्ज्ञांनी गावागावात सरकारी शाळेतल्या लेकरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, ज्यांची निघाली त्यांची खासगी शाळेची फीस भरली, ज्यांची नाही निघाली ती सरकारीतच राहिली. चिठ्ठीच असल्यामुळं 'त्यांचे आईबापच हुशार असतील' असं म्हणायला जागा नाही. चार वर्षांनी परीक्षा घेतली तर तेलुगू आणि गणितात दोघं सारखेच! हिंदीत मात्र खासगीवाले पुढं, कारण सरकारी शाळेत हिंदी जवळजवळ शिकवतच नव्हते. आणि एका लेकरामागं खासगी शाळेचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी.

हे वाचून लोक दोन टोकाचं बोलतात, एक म्हणतात बघा खासगीत काही जास्त शिकवत नाहीत, दुसरे म्हणतात बघा तेवढंच शिकवून किती स्वस्तात. मला मात्र त्या एक तृतीयांशात बायकोचे साडेसात हजार दिसले. स्वस्त कशामुळं पडतं ते आमच्या घरात रोज सकाळी डबा भरून जातं. आणि आपल्यासारख्या बापाला ते स्वस्त पण पडत नाही, कारण सरकारी शाळेतला गुरुजी, खोल्या, पुस्तकं, खिचडी यांचे पैसे आधीच टॅक्समधून गेलेत आणि वरून आपण दुसऱ्यांदा भरायलोत.

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे आणि मला ते जास्त पटतं. ती म्हणती पालक येतात आणि वही बघतात, लेकरू बघत नाहीत. वहीत अक्षर चांगलं पाहिजे, लाल पेनाची खूण पाहिजे, प्रश्नाखाली उत्तर पूर्ण पाहिजे, म्हणून ती फळ्यावर उत्तर लिहिती आणि लेकरं उतरवून घेतात. चाळीस लेकरं आहेत वर्गात, पस्तीस मिनिटांचा तास. 'व्हॉट डिड द फार्मर सो' ला 'द फार्मर सोड सीड्स' लिहितात आणि 'सोड' (पेरलं) म्हणजे काय विचारलं तर एक पोरगं म्हणलं, "सोड म्हणजे सोडून दे." शेतकऱ्याचंच लेकरू, तिफणीमागं चाललेलं. तिनं एकदा दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवून नुसत्या गोष्टी सांगितल्या, लेकरं खुश, तर तिसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज की मॅडम दोन दिवस वही कोरी आहे, फीस कशाची घ्यायलात.

आणि ट्यूशन! मला कुणीतरी सांगा की फीस भरून परत पहिलीपासून ट्यूशन का लावावी लागती. उत्तर मला माहितीय, घरी कुणाला इंग्लिशमधून शिकवता येत नाही. मी झेडपीत शिकलो, पुढं मराठीतूनच बी.कॉम. झालो आणि पतसंस्थेत क्लार्क आहे, मला मुलीचा ईव्हीएसचा, म्हणजे परिसर अभ्यासाचा धडा समजतो पण समजावून सांगता येत नाही. म्हणजे माध्यम बदललं की पहिला मास्तर जो घरातला असतो तोच कटला आणि त्याच्या जागी महिना सहाशेचा ट्यूशनवाला आला.

त्याच दिवाळीत मी घरात एक उद्योग केला. ते 'असर'वाले गावागावात जाऊन जी साधी चाचणी घेतात ना, दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला आणि तीन अंकी संख्येला एक अंकीनं भागायला, ती थोरलीला आणि भावाच्या पोराला दिली. तो गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, तिसरीतच. थोरलीनं इंग्लिश उतारा खाडखाड वाचला, काय वाचलं विचारलं तर गप. मराठी उतारा जोडाक्षरं आली की अडखळत. भागाकार बरोबर केला, शहाण्णव म्हणलं तर मात्र "म्हणजे नाइन्टी किती?" पुतण्यानं मराठी उतारा वाचून त्यातल्या कोल्ह्यानं काय चूक केली ते पण सांगितलं, भागाकार अर्ध्यात सोडला आणि इंग्लिशचं नाव काढल्यावर बैलाला पाणी पाजायला निघून गेला. म्हणजे मला पाहिजे तसा सरळ निकाल काही लागला नाही.

आता झेडपीचं पण खरं लिहितो, नाहीतर लोक म्हणतील हा झेडपीचा एजंट आहे. आमच्या शाळेत चार वर्ग आणि दोन गुरुजी. एकजण बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांचं काम, वरून ट्रेनिंग, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब, फोटो काढून अपलोड करा. शिक्षण हक्क कायदा म्हणतो प्राथमिकला तीस लेकरांमागं एक शिक्षक, तर कागदावर आमचं बरोबर बसतं, पट ४७ आहे, पण एक गुरुजी बाहेर गेला की दुसऱ्यानं चारही वर्ग एका खोलीत बसवायचे. मागं एक गुरुजी होते ते नऊलाच शाळेत येऊन बसायचे, पोरं त्यांच्या पाठीमागं शेतात मोजपट्टी घेऊन फिरायची. त्यांची बदली झाली आणि सहा महिन्यांत आठ लेकरं इंग्लिश स्कूलच्या व्हॅनमध्ये चढली. आणि गुरुजी लोकांचं म्हणाल तर त्यांची स्वतःची लेकरं लातूरला सीबीएसईला, आम्ही काय बोलावं.

नाहीतर बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातली जरेवाडीची शाळा बघा, तीही झेडपीचीच, आणि तिथं बाहेरगावची लेकरं यायची शिकायला. संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या झेडपीत पोरं जपानी शिकत होती. सगळ्यांना जपानी शिकवा असं मी म्हणत नाही, पण इमारत तीच, खिचडी तीच आणि पगार पण तोच.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, निजामाच्या काळात चौथीपर्यंत शिकले, सगळं उर्दूतून. घरात मराठी, शाळेत उर्दू, कारण कचेरीत उर्दू चालायची आणि ज्याला उर्दू येती तो साहेबासमोर खुर्चीत बसतो असं त्यांच्या वडिलांना वाटायचं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आबांची उर्दू फक्त घरच्या हिशेबाच्या वहीत उरली. मरेपर्यंत आकडे उर्दूतच मांडायचे. त्या वह्या आम्ही माळ्यावर टाकल्या होत्या, आता कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून सगळे उर्दू वाचणारा माणूस हुडकत फिरायलेत तेव्हा खाली काढल्या! सांगायचं एवढंच की साहेबाच्या भाषेमागं लेकरू पळवायचं काम आमच्या घराण्यात आजचं नाही. आणि पणजोबा चुकले असंही मला म्हणवत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं. मी तेच केलंय की.

धाकट्यासाठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत राखीव असलेल्या २५ टक्के जागांत बघितलं होतं. २०२४ मध्ये सरकारनं नियम काढला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ह्यातून सूट, त्याला हायकोर्टानं स्थगिती दिली, मग परत फॉर्म सुरू झाले, आणि पुढं कोर्टानं तो नियम रद्दच केला. पण खुल्या गटाला वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे आणि माझी पगाराची स्लिप त्याच्या वर जाते. लोक कमी उत्पन्नाचा दाखला काढतात. मी नाही काढला असं म्हणून मोठेपणा मिरवत नाही, चौकशीला गेलो होतो, तलाठी आप्पा रजेवर होते, दुसऱ्या दिवशी मलाच लाज वाटली. तसं ह्या योजनेत सरकार शाळेला एका लेकरामागं वर्षाला जास्तीत जास्त १७६७० देतं, आणि मी सूट मिळूनसुद्धा २८ हजार भरत होतो हे तिथं फॉर्म वाचताना कळलं.

शेवटी २०२५ च्या जूनमध्ये थोरलीची टीसी काढली. बाकी फीस भरल्याशिवाय टीसी नाही म्हणले, भरली. बायकोला ऑफिसात बोलावून विचारलं की मॅडम तुमचंच लेकरू काढून न्यायलात तर बाकीच्या पालकांना काय सांगायचं, ती म्हणली व्हॅनची अडचण आहे. रोज त्याच व्हॅनमध्ये बसून जाणारी बाई! कुणाला पटलं नसेल, पण नोकरी राहिली. आईला मात्र अजून पटलेलं नाही, तिच्या मते आम्ही पोरीचं नुकसान केलं आणि पुढं धाकट्याला इंग्लिशला घातलं तर मग बघाच, पोरीला झेडपी आणि पोराला इंग्लिश असं गाव म्हणंल. ह्यात ती बरोबर आहे, आणि म्हणून धाकटा पण पहिलीला इथंच.

थोरली आता झेडपीत चौथीला आहे, गणित सेमी इंग्लिश. पहिले दोन महिने रोज रडायची, खिचडीत वाटाणे असतात म्हणून. आता मराठी चांगलं वाचती. इंग्लिश बोलणं कमी झालं, हे पण लिहून ठेवतो. ट्यूशन बंद केली आणि संध्याकाळी सात ते आठ बायको दोघांना आणि पुतण्याला ओट्यावर घेऊन बसती, शेजारची दोन आपोआप यायलीत. मला विचाराल तर चौथीपर्यंत घरात एक तास बसणारं कुणी असंल आणि गावातला गुरुजी बरा असंल तर हे ५४ हजार वाचतात, आणि गुरुजी बरा नसंल तर मात्र मी कुणाला झेडपीत घाला म्हणणार नाही, स्वतःलाही नाही. पुढच्या वर्षी पाचवी, आमची शाळा चौथीपर्यंतच आहे, तेव्हा परत तेच गणित मांडायचंय आणि ह्या साली अतिवृष्टीनं सोयाबीनचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय.

सध्या काळजी दुसरीच आहे. थोरलीच्या वर्गाला जे गुरुजी आहेत ते चांगले आहेत, त्यांच्याचकडं पहिली पण आहे, आणि त्यांना ह्या शाळेवर चार वर्षं झालीत. परवा त्यांना विचारलं, ऑनलाइन बदल्यांत तुमचं नाव येईल का हो, तर हसले आणि म्हणले, "पोर्टलला माहीत." धाकट्याची अजून तीन वर्षं जायचीत इथं.