विटांनी बुजवलेलं दार

बीजिंग, मंगळवार, रात्री साडेदहा

पायांचे तुकडे पडलेत. सकाळी नऊला यिहेयुआन या जुन्या शाही बागेत शिरले ती पाचला बाहेर पडले, तरी बरंच राहिलंच. सगळे समर पॅलेस म्हणतात म्हणून महाल बघायच्या तयारीनं गेले होते. पण जवळपास 290 हेक्टरांतला तीन चतुर्थांश भाग कुनमिंग तळ्याच्या पाण्याचाच.

1750 मध्ये चियानलाँग बादशहानं आईच्या साठीनिमित्त हे काम काढलं. तळं खणून वाढवलं आणि निघालेली माती शेजारच्या टेकडीवर चढवली. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी बाग जाळली. आज दिसतं ते बरंचसं पुढे त्सिशी राजमातेनं उभारून घेतलेलं, त्यात आरमाराचा पैसाही गेला.

काठाकाठानं 728 मीटरची छत असलेली लांबलचक वाट आहे. तुळयांवर हजारो चित्रं. मान वर करून करून अवघडली, मग नाद सोडला आणि खांबांच्या मधून तळं बघत चालले. दर दोन खांबांत वेगळी चौकट: कमळाची पानं, पूल, नुसतंच पाणी. पश्चिमेला डोंगरावर एक मनोरा दिसत राहतो. मी त्याची वाट शोधत होते, आणि नकाशात बघते तर तो बागेच्या हद्दीबाहेर, युछुआन टेकडीवर! शेजाऱ्याचा डोंगर आपल्या देखाव्यात ओढून घ्यायचा. याला चिनी बागकामात 'उसना देखावा' असंच म्हणतात.

काठावर बांधलेल्या संगमरवरी नावेनं मात्र निराशा केली. खालचा भाग दगडी, वरचा मजला लाकडी, संगमरवराचा रंग दिलेला.

शेवटी युलानथांग. तळ्याला लागूनच. ग्वांगशू बादशहानं 1898 मध्ये काढलेल्या सुधारणा त्सिशीनं चिरडल्या; त्यानंतर ती इथं मुक्कामाला आली की त्याला या वाड्यात कोंडून ठेवत. बाजूच्या दालनांतून आरपार जाता येऊ नये म्हणून आत विटांच्या भिंती घातल्या. त्या अजून आहेत. दाराच्या नक्षीदार चौकटीमागे सरळ करड्या विटा. अख्ख्या बागेत नजर अडेल अशी दुसरी जागा मला दिसली नव्हती. हातभर अंतरावर थोडा वेळ थांबले. मागून शाळेची सहल आली, म्हणून सरकले.

बाहेर काठावर आले तर समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे तोच मनोरा.