टेलचं पाणी

सोलापूरच्या उन्हात अक्रोड येईल का, हा प्रश्न आमच्या मामांना निवृत्त झाल्यावर पडला. हिप्परग्याकडे त्यांचं थोडं मुरमाड रान आहे. ज्वारी-तूर पुष्कळ झाली, आता सुकामेवा, असं जाहीर करून ते दिवसभर मोबाईलवर कॅलिफोर्नियातल्या बागा बघायला लागले.

हसू नका, प्रश्न रास्त होते. अक्रोड आणि बदाम थंडीत झोप काढतात. पारा सात अंशांच्या खाली असे शेकडो तास मिळाल्याशिवाय त्यांचे डोळे धड फुटत नाहीत. आमच्याकडे जानेवारीत पहाटे स्वेटर निघतो खरा, पण दहाच्या सुमाराला तो काखेत असतो. शाळेच्या आवारात दगड मारून पाडायचो तो बदाम निराळाच. खऱ्या बदामाच्या कुळातलासुद्धा नाही. अमेरिकेतला काळा अक्रोड तर मुळांतून असं काही सोडतो, की शेजारी टोमॅटो टिकत नाही. ‘‘असला शेजारी फुकट मिळाला तरी नको,’’ मामी म्हणाल्या.

मग काजू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि कोकणाने तो आपला करून टाकला. पाणी साचणारी काळी जमीन त्याला सोसत नाही, मुरमात ठिबकवर तग धरेल. पण माझं मत विचाराल तर बिब्बा लावावा. काजूच्याच कुळातला, उन्हाला न डरणारा, आपल्या रानातला. त्याच्या बीतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते. फोडायची कशी, एवढीच अडचण. टरफलातलं तेल अंगाला लागलं की बिब्बा उततो आणि फोड येतात. त्यामुळे माझ्या सूचनेत मामींनीच बिब्बा घातला.

आता खरं दुखणं. आम्ही खालीवर राहतो, इंटरनेट एकच. मामांच्या बागा मोठ्या टीव्हीवर, अगदी पानावरचे तुडतुडे दिसतील अशा स्वच्छ. त्याच वेळी मामेबहिणीची ऑफिसची मीटिंग. तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठतो. ‘‘बाबा, बाग बंद करा की ओ!’’ ‘‘बिल कोण भरतंय?’’

बिल भरणाऱ्याचा हक्क मोठा की काम करणाऱ्याचा? सारखे वाटे केले तरी भागत नाही. मीटिंगमधल्या आवाजाला वेग फार थोडा लागतो, पण तो त्या क्षणी लागतो. अर्ध्या सेकंदाने आलेला शब्द उपयोगाचा नाही. व्हिडिओ मात्र पुढचं थोडं आधीच भरून ठेवतो. त्याला दमाने दिलं तरी चालतं.

हे भांडण आमच्या घरात सुरू झालेलं नाही. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलेचं विद्यापीठ आणि तिथून जेमतेम 400 यार्डांवरची प्रयोगशाळा यांच्यामध्ये इंटरनेट इतकं तुंबलं, की सेकंदाला 32 हजार बिटचा वेग 40 बिटवर आला. त्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला तोडगा आजही चालतो: प्रत्येक जोडणीने वेग हळूहळू वाढवायचा आणि पाकीट, म्हणजे माहितीचा धाडलेला तुकडा, हरवलं की चटकन निम्म्यावर यायचं. सभ्य नियम आहे, पण तो जोडण्या मोजतो, माणसं मोजत नाही. एकाने दहा जोडण्या उघडल्या तर दहा वाटे त्याचे. काही दिवसांआड येणाऱ्या नळाला थेट मोटार लावण्यातला हा प्रकार. सोलापूरकरांना यापुढे समजावायला नको.

याच्या आधी, 1985 मध्येच, जॉन नेगल या संगणकतज्ज्ञांनी सुचवलं होतं की प्रत्येकाची रांग वेगळी ठेवा आणि एकेकाला पाळीने सोडा. मग जो घुसेल त्याची स्वतःचीच रांग लांबेल. आपल्या कालव्यांवरच्या शेजपाळीचा जीव हाच. पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला आधी द्यावं, मग वर सरकत यावं. नाहीतर वरचेच भिजत राहतात. इंटरनेट कंपन्यांची महिन्याच्या डेटावरची मर्यादा मला म्हणूनच पटत नाही. ती महिन्याभराचा एकूण आकडा धरते, आणि तुंबतं रात्री नऊ वाजता. पहाटे तीनला उतरवून घेणाऱ्याने कुणाचं काय अडवलं? शिक्षा मात्र त्यालाही.

बहिणीने राउटरमध्ये पाळीची ती सोय शोधून चालू केली. मामांची बाग किंचित धुरकट झाली, मीटिंग सुटली. मामांनी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यांना नवा प्रश्न मिळाला होता: पिस्ता. पिस्त्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात, परागकण वाऱ्याने जातात. थंडीची त्याची मागणीही मोठी, तेव्हा हिप्परग्याला तो यायचा नाही, हे मामांना मान्य आहे. पण हिशेब सोडायला ते तयार नाहीत. नराला एकही फळ नाही. मग त्याचा ड्रिपर निम्म्यावर ठेवला तर?

पूर्ण ठेवावा, असं माझं म्हणणं. परागकण पोचले नाहीत तर बाकीच्या झाडांना नुसती टरफलं धरतात, आत गर नाही. मामांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, नर टेलला लावू, मग बघू किती पोचतं ते.