सकाळचं क्वेरसेटिन आणि दुपारचं क्वेरसेटिन

पॅच-क्लॅम्पवरचा, म्हणजे एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजण्याचा, दिवस बघणाऱ्याला कंटाळवाणाच वाटेल. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं जेमतेम मायक्रॉनभर रुंद टोक पेशीला टेकवायचं, हलकंसं चूषण द्यायचं आणि स्क्रीनवरच्या आकड्यावर डोळे लावायचे. रोध मेगाओमवरून गिगाओमवर गेला की नळी पेशीला घट्ट चिकटली, म्हणजे सील लागलं. नाही लागलं, तर पुढची पेशी. या भानगडीत अर्धा दिवस जातो, तो सोडून देते.

काम होतं हर्ग या पोटॅशियम चॅनलवर (पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या दारावर) दोन फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींतली संयुगं, तपासण्याचं: नारिंजेनिन आणि क्वेरसेटिन. ठोक्यानंतर हृदयपेशीला पूर्वस्थितीत आणण्यात हर्गचा मोठा वाटा. तो अडला की ईसीजीत क्यूटी (ठोक्याच्या सुरुवातीपासून पेशी पूर्वस्थितीत येईपर्यंतचा काळ) लांबतो आणि जीवघेणी अतालता होऊ शकते. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचं औषध बाजारातून गेलं ते याच पायी. नारिंजेनिन हर्ग अडवतं, ही बातमी नवी नाही. ज्यात ते असतं तो ग्रेपफ्रूटचा रस प्यायलेल्या निरोगी माणसांत क्यूटी लांबल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. तरी 'वनस्पतीतलं आहे, मग काय होणार?' हे वाक्य मी प्रयोगशाळेतल्या शिकल्यासवरल्या मंडळींकडूनच ऐकते.

हर्गची मोजणी मला मनापासून आवडते. −८० मिलिव्होल्टवरून +२० वर नेलं की चॅनल उघडतात, पण बहुतेक लगेच निष्क्रियही होतात. प्रवाह अगदी बेताचा. मजा −५० वर परतताना. निष्क्रियता झटकन उतरते, दार मात्र सावकाश मिटतं, आणि तेवढ्या वेळात टेल करंट, म्हणजे शेपटीसारखा मागून येणारा प्रवाह, उसळून वर येतो. आम्ही मोजतो तो हाच. शेवटी ई-४०३१ हे हर्ग अडवणारं रसायन देऊन हर्ग पुरता बंद करायचा आणि उरलेला प्रवाह वजा करायचा, कारण ज्यांत हर्ग बसवलेला असतो त्या एचईके पेशींचे स्वतःचेही पोटॅशियम प्रवाह असतात. ही पायरी गाळणारे आलेख पाहिले की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी नारिंजेनिन शहाण्यासारखं वागलं. टेल खाली आला, धुतल्यावर परत वर गेला. क्वेरसेटिन सकाळी थोडंच अडवत होतं आणि बऱ्यापैकी धुतलंही जात होतं. दुपारी त्याच बाटलीतलं, तेवढ्याच मात्रेचं द्रावण दुप्पट जोरात अडवायला लागलं, आणि कितीही धुतलं तरी टेल वर येईना. रन-डाउन, म्हणजे प्रवाह आपोआप ओसरणं म्हणावं, तर नुसतं डीएमएसओ हे विद्रावक दिलेल्या पेशी स्थिर होत्या. लीक, म्हणजे सीलमधली गळतीही वाढलेली नव्हती.

पेशींवर द्रावण सोडणारी परफ्यूजनची बाटली उजेडात धरली. सकाळचा हिरवट पिवळा रंग उतरला होता. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३७० नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर खचलेलं, आणि त्याच्या अलीकडे, कमी तरंगलांबीकडे, नवा उंचवटा. पीएच ७.४ वर हवेत क्वेरसेटिनचं ऑक्सिडीकरण होतं, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. क्वेरसेटिनच्या रेणूतल्या बी नावाच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल आहेत, सगळी गडबड तिथे. नारिंजेनिनच्या बी वलयावर एकच आहे, म्हणून ते टिकतं. ताजं द्रावण केलं तर परिणाम पुन्हा सकाळसारखा.

मग दुपारी हर्ग अडवलं कोणी? क्वेरसेटिननं, त्याच्या ऑक्सिडीकरणातून झालेल्या कशानं, की पेरॉक्साइडनं? शिवाय बरेच वनस्पतिज फिनॉल पेशीपटलात शिरून त्याचे गुणधर्मच बदलतात, मग चॅनल आपोआप वेगळा वागतो आणि आपण 'चॅनलला चिकटलं' असं लिहून मोकळे होतो.

आमच्या वरिष्ठांना सकाळ-दुपारचे सगळे बिंदू मात्रा आणि परिणामाच्या एकाच वक्रात घालून अर्धा प्रवाह अडवणारी मात्रा हवी होती. मी नाही म्हटलं. दर पेशीला ताजं द्रावण, एका संचात ऑक्सिडीकरण रोखणारं अ‍ॅस्कॉर्बेट, दुसऱ्यात पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज, एवढं झाल्याशिवाय त्या वक्राला अर्थ नाही. त्यावर ते म्हणाले, "अगं, शरीरात तरी ते शुद्ध कुठे राहतं?" बोलणं खोटं नाही. आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनाइड-सल्फेट जोडतात. रक्तात मोकळं क्वेरसेटिन जवळजवळ नसतंच, आणि आम्ही देत होतो ३० मायक्रोमोलर. पण रक्तातली ती जोडरूपं आणि माझ्या बाटलीत दुपारी झालेला माल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडरूपं आम्ही हर्गवर अजून दिलेलीच नाहीत. ती मागवायचं ठरलंय. वक्र तोवर माझ्याच फोल्डरमध्ये आहे.