बाबांच्या राजदूतला केटीएम आरसीचे शॉकअप

इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या आमच्या घरी, पोर्चमध्ये, राजदूत ३५० मोटरसायकल तीन वर्षं एका जुन्या चादरीखाली उभी होती. १९८५ चं मॉडेल. बाबांनी ती १९८८ साली महूच्या एका फौजी अधिकाऱ्याकडून घेतली, त्या अधिकाऱ्याची बदली निघाली म्हणून. मी तिच्या टाकीवर बसून बालवाडीत गेले आहे. घरात तिला कुणी नावाने हाक मारत नाही, नुसतं 'गाडी' म्हणतात. कार आली तेव्हा तिला 'कार' म्हणायला लागले, 'गाडी' हा शब्द हिचाच राहिला.

ती चादरीखाली गेली त्याला कारण एका संध्याकाळचं. राऊच्या अलीकडे शेतातून ट्रॅक्टरची ट्रॉली एकदम रस्त्यावर आली. बाबा चालवत होते, मी मागे. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि गाडीचं नाक खाली गेलं ते थेट तळाला जाऊन आदळलं. त्यापुढे शॉकअपमध्ये काही उरलंच नव्हतं. चाक एकीकडे बघत होतं आणि हँडल दुसरीकडे. आम्ही पडलो नाही. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबलो. घरी आल्यावर बाबांनी किल्ली देवघराच्या खणात ठेवली आणि म्हणाले, "आता हिला गिऱ्हाईक बघ."

मला ते मान्य नव्हतं. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात मोजमापाच्या विभागात काम करते. दिवसभर मायक्रोमीटर, डायल गेज, सरफेस प्लेट. त्या संध्याकाळी जे घडलं त्यात बाबांच्या वयाचा दोष नव्हता, त्याला मोजता येण्यासारखी कारणं होती, आणि मला ती मोजायची होती.

एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात बनवलेली ही गाडी मुळात यामाहाची आरडी ३५०. जपानी आरडी १९७३ सालची, तिला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली तेव्हा डिस्क गेली आणि ड्रम आला. सुरुवातीच्या हाय टॉर्क गाडीची ताकद तीस हॉर्सपॉवरच्या आसपास. त्या काळातल्या आपल्या रस्त्यांवर एवढी ताकद आणि पुढे ड्रम, ही जोडी किती अवघड आहे ते ज्यांनी चालवली त्यांना सांगायला नको. पुढच्या शॉकअपची नळी ३४ मिमी जाडीची. आत एक दांडी, तिला ठरावीक भोकं, त्यातून तेल सरकतं. भोक ठरावीक असलं की तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे ब्रेक लावल्यावर नाक हळूहळू बसत जातं तेव्हा विरोध जवळजवळ नाहीच, आणि खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक झटक्यात वर येतं तेव्हा तेल अडून मनगटाला दणका. राऊला पहिला प्रकार झाला. दुसरा रोजच होत असे.

स्पोर्टबाइकचे उलटे शॉकअप वेगळे असतात. जाड नळी वर, टीमध्ये, म्हणजे दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या पट्टीत आवळलेली. बारीक, चकचकीत भाग खाली. वाकवणारा जोर खालच्या टीजवळ सर्वांत जास्त असतो, तिथेच जाड माल येतो. भिंतीचं प्रमाण तेच धरलं तर नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ३४ च्या जागी नुसत्या बारीक भागाचे ४३ मिमी धरले तरी अडीच पट. कागदावर हे आकडे लिहिले त्या रात्री मला झोप लागली नाही.

छोट्या ग्वालटोलीत दोन शनिवार फिरल्यावर केटीएम आरसी ३९० चं पुढचं अख्खं धड मिळालं. शॉकअप, टी, सतरा इंची चाक, ३०० मिमीची डिस्क, कॅलिपर, एक्सल, सगळं एकाच गाडीचं. मागून ट्रकने ठोकलेली आणि विमा कंपनीने निकालात काढलेली गाडी होती. कागद बघितले, पावती घेतली, मगच चोवीस हजार दिले. असा माल घेणाऱ्याने कागद मागायला लाजू नये. घरी आणून नळ्या व्ही-ब्लॉकवर ठेवल्या, डायल लावला, हळूहळू फिरवल्या. काटा पाच शतांश मिमीच्या आत राहिला. सरळ होत्या. सुटे सुटे भाग जमवण्यापेक्षा एकाच गाडीचं सगळं घेण्याचा फायदा असा की एक्सल, बुश, कॅलिपरची जागा हे सगळं आपापसांत आधीच जुळलेलं असतं. जुळवायचं उरतं ते फक्त गाडीच्या मानेशी, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिच्याशी.

आणि सगळा पेच तिथेच असतो. आरसीच्या खालच्या टीमधला दांडा राजदूतच्या मानेला लांबीत आणि जाडीत, दोन्हीकडे बसत नाही. काही जण जुनाच दांडा नव्या टीला वेल्ड करून घेतात. अॅल्युमिनियमची टी आणि लोखंडाचा दांडा. पुढचं चाक ज्या एका सांध्यावर आहे त्या सांध्याशी असला खेळ मला कुणाच्याच गाडीत बघवत नाही.

सांवेर रोडवर एका चाचांचं खरादीचं दुकान आहे. मी ड्रॉइंग घेऊन गेले: ईएन-२४ पोलादाचा नवा दांडा, टीच्या भोकापेक्षा चार शतांश मिमीने जाड, खाली खांदा, वर आटे, आणि जुने छर्रे जाऊन त्या जागी टेपर रोलर बेअरिंग. चाचा सुतात बोलतात, मी मायक्रॉनमध्ये. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "बेटा, चार शतांश टाइट में ये घुसेगा कैसे?" मी म्हटलं, टी तापवून. अॅल्युमिनियम शंभर अंशांनी तापवलं की ३० मिमीचं भोक साधारण सात शतांशांनी मोठं होतं. त्यांनी खडूने फरशीवर तोच गुणाकार स्वतः केला, मान हलवली आणि मशीन सुरू केलं. दांडा त्यांनी जसा दिला तसा मी घरी मोजला. तीन ठिकाणी, दोन दिशांनी. तीन मायक्रॉनचा फरक. बासष्ट वर्षांच्या माणसाने, चाळीस वर्षांच्या मशीनवर.

दांडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. टी आईच्या नानखटाईच्या ओव्हनमध्ये, १४० अंशांवर, पाऊण तास. आईला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "धुऊन ठेव म्हणजे झालं," आणि मग स्वतःच शेजारी उभी राहिली, हातात कापडी मोजे घालून. टी बाहेर काढली, दांडा सोडला, आणि तो आपल्या वजनानेच खांद्यापर्यंत गेला. दोन मिनिटांनी हलवून बघितला तर दोन्ही मिळून एकच वस्तू झाली होती. तरीही खालून सर्क्लिप, म्हणजे दांडा अडकवून ठेवणारी कडी टाकली.

वरची टी नवी केली, २५ मिमीच्या अॅल्युमिनियम प्लेटमधून. आरसीचं हँडल दोन वेगळ्या तुकड्यांचं आणि खूप खाली असतं, बाबांच्या पाठीला ते चाललं नसतं. जुन्या पद्धतीचं, एकाच नळीचं हँडल बसेल अशा खुंट्या तिच्यावर घेतल्या. मानेला मात्र हात लावला नाही. घासलं नाही, कापलं नाही. चॅसिस नंबर तिथेच आहे. फक्त रंग काढून लाल डाय आणि पांढरी पावडर मारून वेल्डला तडा आहे का ते तपासलं. डिस्क ब्रेकचा झटका ड्रमपेक्षा मोठा, तो त्याच जुन्या वेल्डवर येणार. एकही लाल रेघ उमटली नाही.

मग माझ्याकडून चूक झाली. उत्साहाच्या भरात मी मागचे नवे गॅस शॉकअपही मागवले होते, मूळच्यापेक्षा वीस मिमी लांब, कारण मागून उंच गाडी देखणी दिसते. पुढच्या नळ्या आरसीमध्ये होत्या तशाच, वरच्या टीच्या बावीस मिमी वर ठेवल्या. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर नेली. चाळीसपर्यंत छान. साठला हँडल हलकं पडलं. सत्तरला रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्यावरून गेले तर हँडल आपोआप डावीउजवीकडे थरथरलं. मी गॅस हळूच सोडला, कडेला थांबले आणि गाडी तीस-पस्तीसने घरी आणली.

त्या दिवशी दुपारभर पोर्चमध्ये ओळंबा, कोनमापक आणि टेप. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलताना नेहमी खुंटीच्या मागे येऊन सरळ होतं, तशीच मोटरसायकल सरळ राहते. मानेची रेषा खाली वाढवली तर ती टायरच्या टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला लागते. हे अंतर म्हणजे ट्रेल. मूळ गाडीची मान माझ्या मापाने २७ अंश आणि ट्रेल १०८ मिमी. आता चाक अठराचं सतरा झालं, शॉकअप आखूड, त्यामुळे नाक ४२ मिमी खाली. मागून वीस वर. मान अडीच अंशांहून जास्त उभी झाली आणि ट्रेल ९३ वर आला. आरसीचा स्वतःचा ट्रेल ८८ आहे, मग ९३ का चालू नये, असं कुणी विचारेल. आरसीची सगळी फ्रेम, मागचं चाक धरणारा तिचा ताठ चिमटा, तिचं वजन कुठे आहे हे सगळं त्या ८८ साठी जुळवलेलं आहे. मी तिचा एक अवयव उचलून आणला होता, बाकी शरीर राजदूतचं.

नळ्या खाली सरकवून वरच्या टीच्या बरोबरीला आणल्या, त्यात वीसेक मिमी परत मिळाले. मागचे लांब शॉकअप परत केले आणि मूळ लांबीचे, वर येण्याचा वेग क्लिकने कमी-जास्त करता येणारे घेतले. मान २६ अंश, ट्रेल १०३. पुन्हा सुपर कॉरिडॉर, तोच रंगाचा पट्टा, सत्तर, मग ऐंशी. हँडल शांत.

यानंतर सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर शॉकअप किती दबतो ते. नळीच्या चकचकीत भागावर केबल टाय बांधला, बाबांना बसवलं, उतरवलं, मोजलं. १२५ मिमीच्या चालीत फक्त २७ मिमी बसत होती. गाडी आणि आरसी वजनाला फारशा वेगळ्या नाहीत, पण आरसीवर माणूस पुढे ओणवा असतो, इथे बाबा ताठ बसतात, त्यामुळे पुढच्या चाकावर वजन कमी. स्प्रिंगवरचा आतला स्पेसर दहा मिमीने कापला. सॅग ३७ झाला, चालीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ, जसा हवा तसा. बाबा यासाठी सहा वेळा गाडीवर चढले-उतरले आणि एकदाही कुरकुरले नाहीत.

टीचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. उलट्या शॉकअपची बाहेरची नळी जास्त आवळली की आत चेपते आणि सरकणारा भाग तिथे अडकतो. लोक मग म्हणतात, शॉकअप खराब निघाले.

काही गोष्टी गेल्या. ड्रमबरोबर स्पीडोमीटरची केबल गेली, सध्या छोटा मॅग्नेटचा मीटर लावला आहे. जाड नळ्या टाकीला लागू नयेत म्हणून हँडलचे स्टॉपर वाढवावे लागले, त्यामुळे राजवाड्यामागच्या बोळात एका दमात वळणारी गाडी आता दोनदा मागेपुढे करून वळते. मागे मोनोशॉक, म्हणजे मधोमध एकच शॉकअप करण्याचा सल्ला अनेकांनी दिला. यामाहाने १९७३ सालीच मोटोक्रॉसमध्ये मोनोशॉक आणला होता, म्हणजे आरडीच्याच वर्षी, हे मला माहीत आहे आणि आवडतंही. पण त्यासाठी या फ्रेमच्या मध्यावर नवी खुंटी वेल्ड करावी लागेल, जिथे तो भार कधी आलाच नाही. जुने शॉकअप, टी, ड्रम, चाक, सगळं तेल लावून, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर आहे. एका दिवसात गाडी होती तशी करता येते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत कडक आहे. पाना उचलण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारा, मी विचारलं होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठीचे २०२१ चे व्हिंटेज नियम हिला अजून लागू नाहीत, १९८५ ची गाडी त्या हिशेबात तरुण आहे.

मागच्या रविवारी मी महूवरून जाम गेटपर्यंत जाऊन आले, मंडलेश्वरच्या बाजूचा घाट उतरून परत चढले. उतारावरच्या वळणात ब्रेक धरून गाडी आत घातली तेव्हा नाक थोडं बसलं आणि तिथेच थांबलं.

परत आले तेव्हा बाबा फाटकात उभे होते. काही न बोलता त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." पंचवीस मिनिटं लागली. आई दोनदा बाहेर येऊन गेली. मग लांबून तो टू-स्ट्रोकचा आवाज आला, साइड स्टँडला गाडी लावून बाबा उतरले, हेल्मेट काढलं आणि पुढच्या चाकाकडे नाही, मागच्या चाकाकडे वाकून बघायला लागले.

"पुढचं झालं," ते म्हणाले. "पण स्पीडब्रेकरवर मागचं उडतंय गं. खाली बसतं बरोबर, वर येताना घाई करतं. किती क्लिकचे आहेत हे?"

"दहा. चारवर ठेवलेत."

"पाना आण."