चिकटलेली नोट

पावसाळ्यात भाजीच्या गाळ्यावरून परत मिळणाऱ्या नोटा ओलसर असतात आणि एकमेकींना चिकटून येतात. परवा १३० रुपयांच्या भाजीसाठी मी गाळ्यावरच्या मावशींना ५०० ची नोट दिली. घरी येऊन पाकीट उघडले, तर शंभराच्या तीनऐवजी चार नोटा निघाल्या.

परत जाऊन एक नोट द्यायची, हे त्या क्षणीच कळले होते. पुढची दहा मिनिटे मनाने निव्वळ वकिली केली: पाऊस आहे, मंडई लांब आहे, मागच्या आठवड्यात दोन टोमॅटो सडके निघाले होते, आणि अगदीच टोचले तर हे शंभर रुपये एखाद्या गरजूला देऊन टाकता येतील. परत करण्याच्या बाजूने मात्र एकही मुद्दा मांडावा लागला नाही.

छत्री घेऊन निघालो तेव्हा जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा दुकानदार आठवला. कांटने १७८५ मध्ये मांडलेल्या या उदाहरणातला दुकानदार जाणत्या गिऱ्हाइकाला आणि लहान मुलाला एकच भाव लावतो. पण धंद्याची पत राहावी एवढ्यासाठीच तो तसे वागत असेल, तर ती कृती कर्तव्याला धरून झाली तरी कर्तव्यापोटी झाली असे म्हणता येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक ओळखता येत नाही. मला तर तो आतून पाहूनही ओळखता येईना. चूक कोणाच्या लक्षात येणार नव्हती, त्यामुळे अब्रूचा प्रश्न नव्हता. पण "मावशींचे शंभर रुपये जास्त आलेत, देऊन येतो," हे मी घरात जरा मोठ्यानेच सांगितले होते.

अशा वेळी मला कांटपेक्षा देहूचा वाणी जवळचा वाटतो. तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा सर्वांना ठाऊक असते. त्याआधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त स्वतःचाच नदीत सोडला, हा त्या कथेतला तपशील मात्र सांगताना बहुधा गळतो. मला तो बुडवण्याहूनही थोर वाटतो, कारण ऐन वैराग्यातही दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्याचा मोह त्यांना झाला नाही. माझ्या मनातला तो गरजू तिथेच निकालात निघाला.

"चिकटली असेल, पावसात असंच होतं," म्हणत मावशींनी नोट घेतली आणि गोणपाटाखाली सरकवली. जास्त आलेले पैसे माणूस परत आणून देतो, यात त्यांना बोलण्यासारखे काही दिसले नसावे. मी मात्र क्षणभर तसाच उभा राहिलो, हे कबूल करायला हवे.

"कोथिंबीर राहिली ना मघाशी तुमची?" त्यांनी विचारले. जुडी १५ रुपयांना होती. शेजारी पैसे मुठीत धरून उभ्या असलेल्या शाळकरी मुलीलाही त्यांनी पंधराच सांगितले.