मॅनेजर हवा आहे, घराचं बघू

कोलोराडोतल्या आमच्या डोंगरगावाचा टाउन मॅनेजर निवृत्त झाला आणि तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. किराणा दुकानात तेच, स्कीच्या लिफ्टला रांगेत उभं राहिलं तरी तेच. गावाचं नाव लिहीत नाही, कारण उमेदवारांशी बोलायला जे नागरिकांचं पॅनेल नेमलं त्यात मीही होते आणि आतलं बाहेर न बोलायचं कबूल केलंय. चारचौघांत जे झालं तेवढंच सांगते.

पाचगणीला दादाला फोनवर सांगितलं तर तो हसतच सुटला. "अगं, म्हणजे मुख्याधिकाऱ्याची मुलाखत तू घेणार? हॉटेलात पगारपत्रकं करणारी?" त्याला हसू येणारच. पाचगणीच्या गिरिस्थान नगरपरिषदेत मुख्याधिकारी येतो तो नगरविकास विभागाच्या आदेशावर. साहेब बदलले हे गावाला बहुतेक शाल-श्रीफळाच्या फोटोवरून कळतं. इथे गावच जाहिरात देतं, गावच पारखतं आणि कौन्सिलचं मन फिरलं तर बहुमताने नारळही गावच देतं.

कारण इथले नगरसेवक अर्धवेळ. कुणाचं स्कीचं दुकान, कुणाची घरांची दलाली. ते धोरण ठरवतात. बर्फ उपसण्यापासून पोलिसांपर्यंत आणि बजेटपासून बसपर्यंतचा रोजचा गाडा पगारी मॅनेजर ओढतो. व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावाने १९०८ मध्ये असा पहिला माणूस नेमला. १९१३ च्या महापुरानंतर ओहायोतल्या डेटन शहरानेही हीच पद्धत धरली आणि मग ती देशभर पसरली. मॅनेजरने निवडणुकीच्या राजकारणात पडायचं नाही हा त्यातला पथ्याचा भाग. एवढ्याशा गावात ते कसं पाळतात देव जाणे, इथे नगरसेवकाचा कुत्राही सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

भरतीचं काम एका सल्लागार कंपनीला दिलं होतं. तिने गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक छापलं. मुखपृष्ठावर रानफुलं, आत नदी, स्कीचे उतार, हसरी पोरं. पगार दोन लाख डॉलरच्या पुढे. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक टायपात एक ओळ: घराबाबत चर्चा करता येईल. माझ्या मते ती ओळ पहिल्या पानावर हवी होती. दोन लाखांच्या पगारात इथे घर होत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ही रड आमच्या एकट्याच्या गावाची नाही. कोलोराडोतल्याच व्हेल या स्कीच्या गावाने २०१७ पासून एक योजना चालवलीय. घरमालकाला गाव रोख पैसे देतं आणि बदल्यात खरेदीखतावर अट चढते, की या घरात व्हेलच्याच ईगल काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आठवड्याला निदान तीस तास काम करणारा माणूसच राहील. घर विकलं तरी अट घराबरोबर जाते. ब्रेकनरिज या तसल्याच गावाने २०२१ मध्ये पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. आणि मॅनेजर मंडळी? तीही याच गावांतून फिरत असतात. टेल्युराइड या आणखी एका स्कीच्या गावाचे मॅनेजर ग्रेग क्लिफ्टन २०१७ मध्ये व्हेलला आले. पुढे व्हेलचे मॅनेजर झालेले स्कॉट रॉब्सन २०२१ मध्ये टेल्युराइडला गेले. डोंगरात राहायची सवय असलेली माणसं मोजकीच, त्यामुळे गावं एकमेकांचीच पळवतात.

कोलोराडोच्या कायद्याने अशा पदासाठी अंतिम यादीतली नावं नेमणुकीच्या निदान चौदा दिवस आधी जाहीर करावी लागतात. तशी तीन नावं पेपरात आली आणि लायब्ररीच्या हॉलमध्ये भेटीगाठींची संध्याकाळ ठेवली. चीजचे तुकडे, द्राक्षं, छातीला नावाच्या चिकटपट्ट्या. एक उमेदवार मोठ्या शहरातला उपमॅनेजर, बूट इतके नवे की चालताना करकरत होते. दुसरी दुसऱ्या एका स्कीच्या गावातली. तिसरा आमचाच, सध्या प्रभारी असलेला.

मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला. आमच्या हाउसकीपिंगच्या बायका खालच्या खोऱ्यातून येतात, कामाची पाळी सातला सुरू होते, पहिली बस सात दहाला पोचते. रोज दहा मिनिटांचा लेट मार्क मीच लावते. पहिल्या वर्षात याचं काय कराल?

शहरवाला म्हणाला, आधी अभ्यास करून घेऊ. बाईंनी व्हेलच्या योजनेवर छान बोलून दाखवलं, पण बसचं राहिलंच. आमचा प्रभारी खाली बघत म्हणाला, "बस लवकर सोडता येत नाही, कारण ड्रायव्हरही त्या बायकांच्याच खोऱ्यात राहतो आणि त्याला डेपोत आणायला बस नाही." हॉलमध्ये हशा पिकला. मला मात्र त्याचं उत्तर आवडलं. दुखणं कुठे आहे ते त्याला माहीत होतं. शेजारच्या काकूंचं मत उलटं: इतकी वर्षं माहीत होतं तर केलं का नाही? तेही खरंच.

दोन दिवसांनी बाईंनी अर्ज मागे घेतला. नवऱ्याची नोकरी आणि घर, दोन्ही जुळेना. आता दोघंच उरलेत आणि कौन्सिलने नवीन टूम काढलीय. गावाच्या मालकीचं तीन खोल्यांचं जे घर बस खात्याच्या कर्मचाऱ्यासाठी राखलं होतं, ते मॅनेजरला द्यायचं. प्रभारी नेमला गेला तर त्याला घराची गरजच नाही, तो वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात राहतो. शहरवाला आला तर मात्र ड्रायव्हर खालच्या खोऱ्यातच.

मंगळवारी सभा आहे. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी नाव नोंदवलंय, हजेरीपत्रकाच्या झेरॉक्सही काढून ठेवल्यात.